अठरा कॅरेटचा दीडशहाणा

धातुशास्त्राची पदवी घेऊन सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला धातूंवर बोलायची संधी आयुष्यात फार कमी मिळते. घरात कुकरचं हँडल निघालं की आई "तू ते शिकलायस ना?" म्हणून कुकर माझ्यापुढे ठेवायची. मी त्यावर दोन वाक्यं बोललो की तो उचलून निमूटपणे कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. त्यामुळे माझं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोने "साखरपुड्याच्या अंगठ्या व्हाइट गोल्डच्या घेऊ या का?" असं विचारलं, तेव्हा लग्नापेक्षा विषय मिळाल्याचाच आनंद मला अधिक झाला.

प्रश्न साधा होता. 'हो' किंवा 'नको' म्हटलं असतं तर भागलं असतं. मी सुरुवात सोन्याच्या अणूपासून केली. सोनं पिवळं का, तर ते प्रकाशातला निळा भाग गिळून टाकतं. त्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळलं की पिवळेपणा मरतो. जोडीला चांदी, जस्त, कधी थोडं तांबं. 18 कॅरेट म्हणजे 24 भागांतले 18 भाग सोनं, शेकडा 75. 14 कॅरेट म्हणजे शेकडा 58.5. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्लॅटिनम लष्करासाठी राखून ठेवलं, दागिन्यांत वापरायला बंदी घातली, आणि पांढऱ्या सोन्याला बरे दिवस आले. एवढं सांगेपर्यंत तिची कॉफी संपली. माझी थंड होतेय म्हणून तीही तिने पिऊन टाकली. शेवटी म्हणाली, "म्हणजे घ्यायच्या ना?"

खरी तोंडी परीक्षा घरी होती. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, "प्लॅटिनम का?" म्हटलं, नाही, सोनंच, पण पांढरं. 18 कॅरेटचं.

"अठरा?" आईचा आवाज एकदम खाली आला. "अरे, आपल्या घरात बाविसाच्या खालचं काही आलेलं नाही. शंभरात पंचवीस हीण? एवढं पाणी आपला दूधवालासुद्धा घालत नाही."

"आई, त्याला हीण म्हणत नाहीत. त्यात पॅलेडियम असतं. तो स्वतःच मौल्यवान धातू आहे."

"असं? मग मोडताना त्याचे पैसे देतात का?"

माझ्या पदवीच्या अख्ख्या अभ्यासक्रमात मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. दागिना मोडायला नेला की सराफ साधारणपणे त्यातल्या सोन्याचाच हिशेब करतो. चार ग्रॅमच्या अंगठीत तीन ग्रॅम सोनं, पैसे तेवढ्याचे. घडणावळ गेली, 3 टक्के जीएसटी गेला, पॅलेडियम कितीही मौल्यवान असलं तरी त्याला फक्त नमस्कार. हे आईला सांगायच्या ऐवजी मी "रेंज जातेय" असं सांगितलं.

आईने मग वरच्या कोर्टात अपील केलं. वरचं कोर्ट म्हणजे आत्या. आत्याचं सासर विट्याचं आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जन्मभर कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत बसून जुने दागिने आणि कारागिरांच्या दुकानातला झाडलोटीचा कचरा वितळवून त्यातून चोख सोनं-चांदी वेगळी काढतात, त्यांतले मामा एक. नवऱ्याच्या धंद्यामुळे आत्याची नजर अशी तयार झालेली की मंगल कार्यालयाच्या दारातूनच ती सांगते, कुणाच्या पाटल्या भरीव आणि कुणाच्या पोकळ. तिचा निकाल एका ओळीत आला: "सोनं घ्यायचं आणि ते सोन्यासारखं दिसू नये म्हणून वर पैसे द्यायचे, हे कुठलं रे शिक्षण?"

दोन्ही पक्ष राखण्याच्या नादात मी लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात जाऊन, खुर्चीत नीट बसून, काउंटरवरच्या मुलाला म्हणालो, "पांढरं सोनंच दाखवा, पण 22 कॅरेटमध्ये."

मुलगा सौम्य होता. "सर, बाविसात पांढरं होत नाही. शंभरात साडेआठ भाग राहतात, तेवढ्यात पिवळा रंग मरत नाही. अठरालाच यावं लागतं."

हे मीच चार दिवसांपूर्वी कॉफीच्या टेबलावर शिकवलं होतं. बाजूला होणारी बायको बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि हा तिचा मोठेपणा मला फार उशिरा कळला.

गेलेली अब्रू सावरण्यासाठी मी प्लॅटिनमचा ट्रे मागवला. तिथे मात्र माझा घोडा चौखूर उधळला. प्लॅटिनम 950 म्हणजे शेकडा 95 शुद्ध. ते मुळातच पांढरं, वर मुलामा लागत नाही. त्याच मापाची अंगठी 18 कॅरेट सोन्यापेक्षा तीसएक टक्के जड भरते. ते वितळायला 1768 अंश सेल्सिअस लागतात, सोन्याला 1064, म्हणून घडणावळ जास्त. मुलाने ट्रे परत ठेवला आणि चहा मागवला. सराफाच्या दुकानात चहा दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना मिळतो: जे खूप घेतात त्यांना आणि जे खूप बोलतात त्यांना.

अंगठ्या ठरल्या. 18 कॅरेट, पॅलेडियम असलेलं मिश्रण, तिच्या अंगठीत एक लहानसा हिरा, माझी साधी. बिल होत होतं तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा नातीचे कानातले घेत बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "हे पॅलेडियम म्हणजे काय हो?" बस. मी थेट 1802 सालच्या लंडनला पोहोचलो.

विल्यम हाइड वुलस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतून आलेल्या प्लॅटिनमच्या खनिजातून हा धातू काढला. पण शोध जाहीर करायचं सोडून गडी पुढच्या वर्षी नाव न सांगता सोहोमधल्या एका लहानशा दुकानातून तो विकायला लागला. रिचर्ड शेनेविक्स नावाच्या नामांकित रसायनतज्ज्ञाला वाटलं, ही शुद्ध फसवणूक आहे. त्याने दुकानातला माल विकत घेतला, प्रयोग केले आणि रॉयल सोसायटीपुढे ठासून सांगितलं की हा नवा धातू वगैरे काही नाही, प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण आहे. त्याच वर्षी त्याला कॉप्ली पदकही मिळालं. मग निनावी जाहिरात आली: कृत्रिम पॅलेडियम करून दाखवा, 20 पौंड घेऊन जा. कोणीही पुढे आलं नाही. 1804 मध्ये वुलस्टनने त्याच खनिजातून आणखी एक धातू काढला, रोडियम. आणि 1805 मध्ये पॅलेडियमवाला तो निनावी माणूस मीच, असं सांगून टाकलं. आजोबा रंगून ऐकत होते. नात रडत होती. माझ्या पाठीमागे काउंटरवरचा मुलगा होणाऱ्या बायकोला बिल देताना काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती. मला वाटलं, हिशेब असेल.

साखरपुडा थाटात झाला. मुळात या विधीत साखरेचा पुडा, साडी, ओटी एवढंच महत्त्वाचं. अंगठ्या नंतर शिरल्या आणि आता सगळे कॅमेरे त्यांच्यावरच रोखलेले असतात. मी तिच्या बोटात अंगठी घातली, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबताच पहिल्या रांगेतून तिच्या मावशीआजींचा खणखणीत आवाज आला: "चांदीची घातली का गं?"

कार्यालयात दोनशे माणसं. त्यातल्या निम्म्यांना मी जेवणाच्या पंगतीपर्यंत वैयक्तिकरीत्या भेटून 18 कॅरेट समजावलं. "पांढरं सोनं म्हणजे प्लॅटिनमच ना?" असं एका काकांनी विचारलं. त्यांना दोन्हींतला फरक सांगताना माझा फेटा सुटला. गुरुजींनीही दक्षिणा घेताना हळूच अंगठीकडे पाहून "हरकत नाही" असं म्हटलं. शेवटी मी पुराव्यावर उतरलो. अंगठी काढून मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि मावशीआजींना भिंग दिलं. आतल्या बाजूला तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, मग '18K750', आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. 2023 च्या एप्रिलपासून तो नसलेला हॉलमार्क दागिना सराफाला विकता येत नाही. "हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की सगळी कुंडली येते," असं म्हणून मी ॲप उघडलं. कार्यालयाचा हॉल तळघरात होता. ॲपमधलं ते चक्र गोल गोल फिरत राहिलं, आणि चष्मा पुसत आजी म्हणाल्या, "राहू दे बाळ. परिस्थिती काय, आज ना उद्या सुधारते."

लग्नानंतर काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एका रविवारी वर्तमानपत्र वाचताना लक्षात आलं की माझ्या अंगठीचा तळव्याकडचा भाग पिवळसर दिसतोय. त्याच सुमाराला अंगठीखाली कातडी लाल होऊन खाज सुटायला लागली होती. दोन्ही लक्षणं एकत्र आली तशी माझ्या डोक्यात वीज चमकली: निकेल! बिलावर पॅलेडियम, अंगठीत निकेल. शेनेविक्सच्या उत्साहाने मी कामाला लागलो. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, युरोपने 1994 मध्येच अंगाला लागणाऱ्या वस्तूंतल्या निकेलवर निर्बंध घालणारा कायदा केला, हे सगळं ऑफिसच्या कँटीनमध्ये लाल बोट वर करून सांगितलं. दोन सहकाऱ्यांनी आपापल्या अंगठ्या काढून खिशात ठेवल्या. दुकानाला पाठवायला तक्रारीचं पत्र लिहिलं. त्यात आकृती होती.

सुदैवाने पत्र टाकायच्या आधी आम्ही विट्याला गेलो. मामा आता निवृत्त होऊन गावी असतात, पण कसोटीचा दगड अजून देव्हाऱ्याखालच्या फडताळात असतो. त्यांनी अंगठी हातात घेतली, पिवळ्या झालेल्या कडेने काळ्या दगडावर हलकी रेघ ओढली, शेजारी खात्रीच्या 18 कॅरेट सोन्याची रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. मी श्वास रोखून पाहत होतो. दोन्ही रेघा जागच्या जागी.

"सोनं हाय," मामा म्हणाले. "पण पांढऱ्या सोन्याचा रंग दगडावर फसवतो. मशिनीवर बघू."

बाजारातल्या त्यांच्या मित्राकडे कॅरेट मोजायचं यंत्र होतं. अंगठी आत ठेवली, झाकण बंद, क्षणभर घूं घूं, आणि पडद्यावर यादी उमटली: सोनं 75 च्या किंचित वर, मग पॅलेडियम, चांदी, जस्त, आणि तळाशी चिमूटभर रोडियम. निकेलपुढे शून्य.

"पण मग हे पिवळं?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे, माझ्या पदवीकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "लेका, हाच त्याचा खरा रंग. पांढरं सोनं पांढरंशुभ्र कधीच नसतं, फिकट असतं. वरनं रोडियम चढवत्यात म्हणून चकचकतं. तो थर गेला की आतलं दिसणार. तुला कुणी फसवलं न्हाई. तुला कळलं न्हाई."

मी बायकोकडे पाहिलं. तिने पर्समधून बिल काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. मागे मराठीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: रोडियमचा थर वापराने झिजतो, साधारण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो, पहिल्यांदा मोफत, त्यानंतर शुल्क. पोहताना आणि साबणाचं काम करताना अंगठी काढून ठेवावी.

"हे तुला माहीत होतं?"

"त्या मुलाने बिल देताना सगळं समजावलं होतं की."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तू तेव्हा लंडनमध्ये होतास."

राहता राहिली खाज. "आंघोळीला, हात धुताना अंगठी काढतोस का?" आत्याने पोळी लाटता लाटता विचारलं. नाही, म्हटलं. "मग साबण अडकून राहतो आत, ओल राहते. खाजणारच." पुण्याला परतल्यावर मी हट्टाने त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी विचारलं, पट्ट्याचं बक्कल किंवा जीन्सचं बटण लागतं तिथे कधी खाज येते का? निकेलची ॲलर्जी असती तर बहुधा तिथेही आली असती. नाही, म्हटलं. मग त्यांनी आत्याचंच निदान इंग्रजीत सांगितलं आणि फी घेतली.

रोडियम चढवताना बघायचंय, असा मी दुकानात हट्ट धरला. मागच्या बाजूच्या अरुंद खोलीत एक बंगाली कारागीर बसला होता. त्याने अंगठी आधी फिरत्या बफवर धरली. ओरखडे गेले, सोबत होता नव्हता तो जुना थरही गेला, आणि काही मिनिटं मी माझी अंगठी तिच्या खऱ्या रूपात पाहिली: ना पिवळी, ना पांढरी, किंचित राखाडी झाक असलेली, फार शांत रंगाची. मग तिला कंप पावणाऱ्या पाण्यात धुतलं, वाफेने साफ केलं, तांब्याच्या तारेला अडकवून एका चंचुपात्रातल्या पिवळसर द्रावात सोडलं आणि वीज सुरू केली. "हे इलेक्ट्रोलिसिस," मी सुरू केलं. "साब, हाथ दूर," तो म्हणाला. मिनिटभरात अंगठी आरशासारखी लखलखत बाहेर आली. तो थर सहसा एक मायक्रॉनसुद्धा जाड नसतो. केस त्याच्या कित्येक पट जाड. आणि तो धातू कसला, तर 2021 मध्ये ज्याचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता असा. लोक पितळेवर सोन्याचा मुलामा देतात. आमच्याकडे सोन्यावर सोन्याहून महाग धातूचा मुलामा होता, आणि तरी बघणारा विचारत होता, चांदीची का?

आता घरात दोन्ही अंगठ्या पॉलिशला नेण्याचं खातं माझ्याकडे आहे. रोडियमचं बिल बायको गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवते. मधल्या काळात मी "यापेक्षा प्लॅटिनम घेतलं असतं तर" असं एकदा म्हणून पाहिलं. प्लॅटिनमवर चरे पडतात, धातू फारसा झिजत नाही, पण चकाकी मंद होते, हे तिनेच मला सांगितलं. कुठून कळलं, विचारलं तर म्हणाली, "त्याच मुलाकडून. तू ट्रे बघत बोलत होतास तेव्हा."

गेल्या हिवाळ्यात आतेभावाचं लग्न ठरलं. त्याने फोन केला, "दादा, अंगठीचं काय करू?" या वेळी मी आटोपशीर बोललो. पांढरी घेणार असलास तर उरलेल्या पंचवीस टक्क्यांत काय आहे ते विचार आणि बिलावर लिहून घे. रोडियम पुन्हा चढवायचे किती घेतात ते आधी विचार. बोटाचा नंबर संध्याकाळी घे, सकाळी नको. एचयूआयडी दुकानातच ॲपवर तपासून पाहा. आणि बिलाची मागची बाजू वाच. त्याने सगळं लिहून घेतलं आणि आत्याच्या धाकापायी 22 कॅरेटची पिवळीधमक अंगठी घेतली.

साखरपुड्याला आत्या पहिल्या रांगेत ताठ बसली होती. आज तरी कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. अंगठी बोटात गेली, टाळ्या झाल्या. मुलीकडच्या एक काकू पुढे आल्या, वधूचा हात हातात घेऊन अंगठी निरखली आणि कौतुकाने म्हणाल्या, "छान दिसते हो! एक ग्रॅमवाल्यात हल्ली अगदी खऱ्यासारख्या मिळतात."

आत्याने मान वळवून मला शोधलं. मी मोबाइल काढला, टॉर्च लावला. या हॉलमध्ये नेटवर्क भरपूर होतं.